काठीवाल्याची जागा

सोमवार, ३ फेब्रुवारी

साहेबानं आज बोलावून खुर्ची दिली आणि चहा पाजला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी वाईट ऐकायचंय. एकोणतीस वर्षांत मला कुणी त्या खोलीत बसा म्हटलेलं नाही.

"मुकादम, ३१ मेला तुम्ही मोकळे," तो म्हणाला. "टोळी पुढे कुणाकडे द्यायची? मी म्हणतो, तुमच्या जावयाकडे. पुस्तकाप्रमाणे काम करतो. तोवर त्याच्या नावावर चुकांच्या तीन लाल नोंदी झाल्या नाहीत, तर टोळी त्याची."

मी म्हटलं, "उत्तम." दुसरं काय म्हणणार? टोळीचं रजिस्टर मीच भरतो, त्यात साहेबाला वाचायला आवडेल ते लिहितो. ही वही वेगळी. हिच्यात मला वाटेल ते लिहीन, आणि ही कपाटात राहील.

मला वाटतं ते असं, की जावयाला टोळी द्यायची म्हणजे पोहता न येणाऱ्याला होडी द्यायची. सात माणसं, तीन चेनसॉ, एक ट्रक. रस्त्यावर आणि विजेच्या तारांवर वाकलेली झाडं उतरवणं हे आमचं काम. मी एकोणतीस वर्षं केलं आणि माझी दहाच्या दहा बोटं जागेवर आहेत. या धंद्यात सगळे एकमेकांची बोटं मोजतात. जावयाचीही दहा आहेत म्हणा, पण त्याला येऊन जेमतेम चार वर्षं झालीत.

घरी सांगितलं तर बायकोला आनंद मावेना. "बरं झालं बाई, घरातच राहिलं!" मी जिवंत आहे अजून, याची आठवण करून द्यावी लागली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

जावई झाडासमोर उभा राहतो तो शिंप्यासारखा. चारी बाजूंनी फिरणार, मान वर करून सुकी फांदी शोधणार, पडल्यावर मागे पळायची वाट पायानं साफ करणार, मग मशीन जमिनीवर ठेवणार, ब्रेक लावणार, मागच्या मुठीत उजवा पाय घालणार, आणि मग कुठे दोरी ओढणार. तेवढ्यात माझं झाड आडवं झालेलं असतं. मी मशीन हातात लटकवतो, खाली झटका देतो, दोरी वर ओढतो, की झालं सुरू.

पुस्तकात लिहिलंय तसं करू नका म्हणून. पुस्तक लिहिणाऱ्यानं झाड पाडलंय का कधी?

काठीवाला म्हणाला, "पोरगा सावध आहे रे." मी म्हटलं, "सावध नाही, भित्रा आहे." काठीवाला आणि मी एकाच वर्षी लागलो. झाड कापणाऱ्याच्या कानांवर झाकण, तोंडावर जाळी, नजर खाली कापावर. त्याला काही ऐकू येत नाही, वरचं काही दिसत नाही. म्हणून त्याच्या मागे दोन माणसांच्या उंचीची हलकी काठी घेऊन एकजण वर बघत उभा असतो. खांद्यावर एक टोला म्हणजे थांब. दोन टोले म्हणजे मशीन टाक आणि पळ. पहिली तीन वर्षं सोडली, तर पुढची सव्वीस वर्षं काठीवाल्यानं माझ्या खांद्यावर टोले दिलेत, आणि मी एकदाही मागे वळून का म्हणून विचारलेलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पहिली नोंद झाली.

मशीन चालू असताना जावयानं जाळी वर करून घाम पुसला. जेमतेम एक क्षण, पण बघितलं मी. शिट्टी मारली, काम थांबवलं आणि ट्रकमधून लाल हेल्मेट आणायला लावलं.

लाल हेल्मेट ही माझी कल्पना, पंधरा वर्षांपूर्वीची. जो चूक करेल त्यानं ते दिवसभर घालायचं, आणि त्या दिवशी टोळीतल्या कुणीही त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. पाणी मागितलं तरी नाही. त्यानंही बोलायचं नाही. ओरडण्याचा परिणाम तासभर टिकतो. गप्प राहण्याचा महिनाभर टिकतो. चांगली दांडगी माणसं संध्याकाळी रडकुंडीला आलेली मी पाहिलीत. तेव्हापासून आमच्या टोळीत चुका निम्म्यावर आल्या, हे साहेबाच्या तक्त्यात छापलेलं आहे.

जावई हेल्मेट घालून कामाला लागला. दुपारी सगळे एका बाजूला जेवायला बसले, तो ट्रकच्या सावलीत एकटा. बुटका (आमचा दुसरा मशीनवाला) हसून हसून बेजार.

लेक-जावई आमच्याकडेच राहतात. घरी जेवताना मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. लेक म्हणाली, "बाबा, भाजी द्या ना त्याच्याकडे." मी वाटी बायकोकडे सरकवली. लेकीच्या लक्षात आलं. "घरीसुद्धा?"

"नियम दिवसाचा आहे," मी म्हटलं. "दिवस संपलेला नाही."

तिनं पानावरून उठून वाटी स्वतः नेली. जावई खाली मान घालून जेवत होता. मला वाटलं, हा चिडेल, काहीतरी बोलेल. तेही नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

बुधवार, १९ फेब्रुवारी

दुसरी. मशीन गरम असताना पेट्रोल भरायला घेतलं. तो म्हणतो दहा मिनिटं थांबला होता, मी म्हणतो आठ. घड्याळ माझ्या हातात होतं.

पण आजची खरी गंमत पुढे झाली. लाल हेल्मेट घालून तो कापत होता, वरून हातभर सुकी काटकी सुटली, आणि काठीवाल्यानं त्याच्या खांद्यावर एक टोला दिला. जावई थांबला, मागे सरला, काटकी पायाशी पडली. काठीवाला माझ्याकडे बघून हसला, जणू बक्षीस मिळणार आहे.

मी सगळ्यांना गोळा केलं. म्हटलं, लाल हेल्मेटवाल्याशी बोलायचं नाही म्हणजे नाही. तोंडानं नाही, हातानं नाही, काठीनंही नाही. काठी म्हणजे बोलणंच.

काठीवाला म्हणाला, "अरे, डोक्यात पडली असती ना."

"म्हणून तर," मी म्हटलं. "आजपासून लाल हेल्मेटवाला उभ्या झाडाखाली जाणार नाही. आडव्या खोडाचे तुकडे करेल. मग वरून पडणार काय, आभाळ?"

सगळे हसले. नियम कसा करावा हे मला कुणी शिकवायला नको. मी दोन्ही बाजूंनी विचार केला होता.

जावयानं कानांवरची झाकणं काढली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा, काठी बोलणं नाही. काठी म्हणजे माणसाचे डोळे आहेत." लाल हेल्मेट डोक्यावर असताना बोलला! याचीही नोंद करता आली असती, पण मी सोडून दिलं. उगाच कुणी म्हणायला नको की सासरा आकसानं वागतो.

सोमवार, ३ मार्च

साहेब कामावर आला होता. तक्ता बघून खूश. लाल हेल्मेटचा प्रकार त्याला मी रंगवून सांगितला. "शाळेसारखंच की," असं म्हणून हसला. काठीचा नियमही सांगितला, तेव्हा त्याचा फोन वाजला.

जावई गेले बारा दिवस असा काम करतोय की कुठे बोट ठेवायला जागा नाही. दर दोन पावलांना ब्रेक. जाड सेफ्टी पँट उन्हातही घालणार. साखळी फिरते त्या पट्टीच्या टोकानं लाकडाला स्पर्श नाही, मशीन खांद्याच्या वर नाही. मी दिवसभर त्याच्याकडे बघतो आणि माझं स्वतःचं काम राहून जातं.

शुक्रवार, १४ मार्च

लेक गच्चीवर आली. कपडे काढायचं निमित्त होतं. म्हणाली, "बाबा, तुमचं त्याच्याशी काय वाकडं आहे?"

"काही नाही. शिकवतोय."

"तो रात्री झोपेत मोजतो. दोन पावलं, ब्रेक. दोन पावलं, ब्रेक. मी जागी असते."

मी म्हटलं, "चांगलंय की. भिनलंय अंगात."

लहान असताना ही पोरगी शाळेतून थेट शेडवर यायची. माझ्या शेजारी बसून गोल कानस हातात घ्यायची आणि साखळीचा एकेक दात मोजून घासायची, प्रत्येक दाताला सारखे तीन हात. "बाबा, याची धार बघा." कुणाच्या मुलीला असलं काही येत नव्हतं. आता साखळी घासायची असते तेव्हा ती त्याच्याजवळ बसते. मशीनबद्दल काही विचारायचं झालं तर त्याला विचारते. मी समोर बसलेलो असतो! हे मी तिला बोललो नाही. इथे लिहितोय कारण छातीत खुपतंय.

जाताना म्हणाली, "त्याला जगू द्या ना, बाबा." जसा काही मी त्याचा गळाच धरलाय.

बुधवार, २ एप्रिल

हे लिहू की नको असं सकाळपासून चाललंय.

आज मी एक फांदी खांद्याच्या वरून कापायला गेलो. शिडी आणायचा कंटाळा आला. पट्टीचं टोक मागच्या फांदीला लागलं आणि मशीन उलटून अंगावर आली. ब्रेक आपोआप पडला म्हणून वाचलो. साखळी थांबली तेव्हा नाकापासून वीतभर अंतरावर होती. मी तिचे दात पाहिले. तेलाचा वास आला.

बाकीचे रस्त्याच्या पलीकडे होते. पाहिलं फक्त जावयानं. मला वाटलं, आता हा शिट्टी मारणार, लाल हेल्मेट आणणार, एकोणतीस वर्षांची अब्रू चव्हाट्यावर. नियमाप्रमाणे त्याला तसं करता आलं असतं. तो आला, माझ्या हातातून मशीन घेतली, ब्रेक तपासला, परत दिली. "मामा, बसा थोडं," एवढंच म्हणाला. कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी घरीही नाही. मी लेकीचा चेहरा बघत होतो, तिला काहीच माहीत नव्हतं.

त्यानं मला वाचवलं असतं तरी चाललं असतं. पण हा गप्प बसला! आता जन्मभर मी त्याच्या उपकाराखाली. जेवताना समोर बसून तो भात कालवतो आणि मला वाटतं, हसतोय आतल्या आत. हात कापताहेत. पेन नीट धरता येत नाही.

सोमवार, ७ एप्रिल

हात अजून कापतोय. मशीन सुरू केली की वाढतं. बुटक्याला ताप आहे म्हणून तो आला नाही. दिवसभर मी देखरेख केली, मशीन जावयाच्या हातात. साहेबाला सांगितलं, त्याला तयार करतोय.

बुधवार, ९ एप्रिल

इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. आत शस्त्रक्रिया चालू आहे. लेक आणि ही दाराशी. मी बाजूला येऊन बसलो कारण मला कुणी बोलावलं नाही.

काय झालं ते नीट लिहून ठेवलेलं बरं. पुढे विचारतील.

रस्ता बारापर्यंतच बंद मिळाला होता. तीन झाडं उभी. बुटका अजून आजारी. तिसऱ्या झाडाच्या शेंड्यात एक मेलेली फांदी दुसरीवर अडकून राहिली होती. जावयानं ती दाखवली. म्हणाला, आधी दोर टाकून ती ओढून घेऊ, मग बुंध्याला हात लावू. मी म्हटलं, दोराला तास जाईल. तो म्हणाला, जाऊ दे तास. सगळे ऐकत होते. मला सांगतोय, माझ्याच टोळीत!

तो बोलत होता तेव्हा मशीन त्याच्या हातात चालू होती. ब्रेक लावलेला होता की नव्हता, मला नीट दिसलं नाही. मी तिसरी नोंद केली. लाल हेल्मेट दिलं.

लाल हेल्मेटवाल्याला उभं झाड द्यायचं नाही हा नियम माझाच. पण कापणार कोण? बुटका नाही. मी खालची माणसं आणि रस्ता सांभाळत होतो, ते सोडून जाता येत नव्हतं. म्हणून त्यालाच दिलं. त्यानं एकदा वर बोट दाखवलं. मी म्हटलं, "दिसतंय मला."

त्यानं खाच घेतली, मागचा काप घेतला. धक्क्यानं वरची फांदी सुटली. सगळं इतकं पटकन झालं की कुणाला काही करायला वेळच मिळाला नाही.

रजिस्टरमध्ये हेच लिहायचं. वेळच मिळाला नाही.

शनिवार, १२ एप्रिल

जगेल, असं डॉक्टर म्हणतात. पाठीचा कणा दोन ठिकाणी मोडलाय. कमरेखाली टाचणी टोचली तरी कळत नाही.

लेकीनं मला विचारलं, "तुम्ही किती लांब होतात?"

"पंधराएक पावलं."

"आणि काठीवाला?"

"तो ट्रकजवळ होता," मी म्हटलं. ट्रकजवळून दोन पावलं पुढे आला होता. चारही असतील.

मंगळवार, १५ एप्रिल

उद्या चौकशी आहे. झोप लागत नाही म्हणून सकाळी लवकर उठून बसलो. या वहीत तरी खरं लिहावं.

फांदी हलली तेव्हा काठीवाल्यानं आधी पाहिली. तो काठी पुढे करून धावला. पोचला असता. काठी लांब आहे, आणखी तीनच पावलं लागली असती. त्यानं धावता धावता माझ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांची सवय, काही करायच्या आधी माझ्याकडे बघतो. आणि माझा हात वर गेला. पंजा पुढे. थांब.

मी ठरवून केलं नाही. फांदी मी पाहिलीच नव्हती. मला एवढंच दिसलं की नियम मोडून एकजण लाल हेल्मेटवाल्याकडे चाललाय. पंधरा वर्षं मी असाच हात वर करतोय. तो थांबला. माझी माणसं माझ्या हाताला थांबतात, याचा मला अभिमान होता.

यात माझी चूक किती? सवयीला चूक म्हणतात का? शिवाय फांदी मी पाहिली नव्हती. त्यानं दाखवली होती ते सकाळी. तेव्हा ती हलत नव्हती.

बुधवार, १६ एप्रिल

चौकशी अर्ध्या तासात आटोपली. साहेबानं काठीवाल्याला विचारलं, "काठी का वापरली नाहीत?"

तो म्हणाला, "मुकादमांनी हात केला, साहेब."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी वाहनांना हात करत होतो. रस्त्यावर एक गाडी पुढे आली होती."

गाडी खरंच आली होती. आधी की नंतर, एवढाच प्रश्न.

"आणि तो काठीचा काय तो नियम?" साहेबानं विचारलं. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "तुम्हाला सांगितला होता, साहेब. मार्चमध्ये." त्यावर त्यानं कागद चाळले आणि तो प्रश्न पुन्हा काढला नाही. रजिस्टरमध्ये त्या नियमाची ओळही नव्हती. काठीवाल्याला कामात हलगर्जी म्हणून काढून टाकलं. बाकीच्यांना विचारलं, तर त्यांनी सगळ्यांनी गाडी पाहिली होती.

बाहेर आल्यावर काठीवाला माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं शिव्या देईल, थोबाडीत मारेल. म्हणाला, "अरे, मी थांबलो. मी कशाला थांबलो रे?" आणि लहान पोरासारखा रडायला लागला. रस्त्यावर माणसं बघत होती. मी त्याला म्हटलं, घरी जा.

शुक्रवार, २ मे

जावयाला घरी आणलं. मागची खोली त्याला दिली, कारण जिने चढवता येणार नाहीत. लेक त्याला कुशीवर वळवते, पुसते, नळी बदलते. दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. घड्याळ लावून ठेवलंय. बायको मदत करते आणि माझ्याशी कामापुरतं बोलते. आज ताट ठेवताना म्हणाली, "जेवा. दहा बोटं आहेत ना तुमची."

मी पाणी घेऊन आत गेलो. जावई म्हणाला, "मामा, एक बोलू? काठीवाल्याला मी कधी माफ करणार नाही. मी मागे बघितलं होतं. नियम असेना का, काठी घेऊन उभा होता तो. नुसता उभा होता."

मी त्याच्या डोक्याखाली हात घालून पेला तोंडाला लावला. थोडं पाणी गळ्यावर सांडलं ते टॉवेलनं टिपलं. तो म्हणाला, "तुम्हाला उगाच त्रास."

सांगावंसं वाटलं. खरंच वाटलं. पण आता सांगून त्याचे पाय येणार आहेत का? त्याला रागवायला एक माणूस लागतो, तो त्याला मिळालाय. मोडून काय साधणार? लेक दारात उभी होती, कधीपासून ते माहीत नाही.

सोमवार, १९ मे

साहेबानं पुन्हा खुर्ची दिली. टोळी घ्यायला कुणी लायक नाही, तेव्हा मीच आणखी एक वर्ष राहायचं ठरलं. बुटक्यानं पेढे मागावेत तसे हात पसरले, त्याला हाकललं. मी खूश आहे का? आहे. खोटं कशाला लिहू?

दुसरं, जखमी माणसाच्या घरातल्या एकाला नोकरी देतात. लेकीचा अर्ज आधीच आलेला होता, मला न सांगता. साहेब म्हणाला, "ऑफिसात बसवतो म्हटलं तर नको म्हणते. काठीवाल्याची जागा रिकामी आहे, तीच हवी म्हणते. कमाल आहे, मुकादम! रक्तातच आहे तुमच्या घरात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी शेडवर परत येतेय. माझ्या मागे उभी राहणार. तिनं मला माफ केलं, किंवा माफ करण्यासारखं काही नाही हे तिला पटलं. रक्त शेवटी रक्ताकडे येतं.

मंगळवार, २७ मे

लेक आठ दिवस रोज दुपारी कुठेतरी जात होती. तेवढा वेळ तिची आई जावयाजवळ बसायची. आज विचारलं. म्हणाली, "काठी शिकायला."

"मी आहे की शिकवायला!"

"तुम्ही काठी कधी धरलीय, बाबा? मी काठीवाल्याच्या घरी जाते."

म्हटलं, "त्याचं डोकं फिरलंय आता. काहीबाही सांगतो लोकांना. काय शिकवलं त्यानं?"

"सगळं," ती म्हणाली. "कुठे उभं राहायचं, किती पावलं, कुणाकडे बघायचं नाही. सगळं शिकवलं." आणि जावयाला वळवायची वेळ झाली म्हणून आत गेली.

सोमवार, २ जून

आज तिचा पहिला दिवस. नव्या बुटांत, केस घट्ट बांधून, सगळ्यांच्या आधी ट्रकमध्ये बसली होती. सगळ्यांशी हसून बोलली. माझ्याशीही.

बुटका रस्त्याच्या पलीकडे तारांखाली लागला. इकडचं झाड माझ्याकडे आलं. एप्रिलपासून मी उभं झाड घेतलं नव्हतं, पण लेकीसमोर नाही कसं म्हणणार? बुंधा दोन माणसांच्या मिठीत न मावणारा. शेंडा दुभंगलेला, आत काय अडकलंय ते खालून दिसत नव्हतं. मी चारी बाजूंनी फिरलो. पळायची वाट पायानं साफ केली. मशीन जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, मुठीत पाय घालून सुरू केली. कुणी हसलं नाही.

खाच घेताना दोनदा मागे पाहिलं. ती होती तिथेच, बरोबर अंतरावर, काठी पुढे, नजर वर. जीव भांड्यात पडला. मग कानांवर झाकण नीट बसवलं आणि मागचा काप सुरू केला. इथून पुढे मागे वळता येत नाही. मधलं जे लाकूड बिजागरीसारखं राखायचं असतं त्यावरून नजर हटली की झाड कुठेही जातं. पट्टी आत जात होती, भुसा बुटांवर पडत होता, आणि मी कापाकडे बघत खांद्याकडे लक्ष ठेवून होतो. वर काहीतरी हललं असं वाटलं. नुसतंच वाटलं असेल. टोला आला नाही. म्हणजे सगळं ठीक आहे, मी स्वतःला सांगितलं. का ठीक नाही? पुन्हा वाटलं, काहीतरी कडकडलं. ऐकू तर काही येत नव्हतं. एकोणतीस वर्षांत मी कधी इतकी भीक मागितली नसेल, आणि तीही एका टोल्याची.

झाड पडलं. जिथे पाडायचं तिथेच पडलं. मी ब्रेक लावला, मशीन बंद केली, झाकणं काढली आणि वळलो.

मागे कुणी नव्हतं. लेक वीस पावलांवर ट्रकला टेकून बाटलीतून पाणी पीत होती. काठी शेजारी ट्रकला उभी करून ठेवलेली.

मी तिच्याकडे गेलो. म्हटलं, "तू तिथे का नव्हतीस?"

"वर काही नव्हतं, बाबा."

"इथून तुला कसं दिसलं?"

तिनं बाटलीचं झाकण लावलं. "पडलं का काही अंगावर? नाही ना?" मग माझ्या खांद्यावरचा भुसा हातानं झटकला, लहानपणी झटकायची तसा, आणि म्हणाली, "आठवड्याभरात अजून अकरा झाडं आहेत ना? मी रोज आहे."

घरी येऊन अर्ज लिहायला बसलो. काठीवाला बदलून मागता येतो, मुकादमाला तो हक्क आहे. नाव, टोळी, तारीख, सगळं भरलं. खाली कारण लिहायला तीन ओळी असतात. तासभर बसलो. आत ती त्याला कुशीवर वळवत होती, आणि तो तिला विचारत होता पहिला दिवस कसा गेला म्हणून. "छान गेला," ती म्हणाली. मी अर्ज फाडला. उद्या सातला ट्रक निघतो.